वाफशाच्या आधीचा बुधवार

प्रिय सलिल,

पत्राची सुरुवात अशीच करतात म्हणून प्रिय लिहिलं. त्याच्यावर जाऊ नकोस. आणि नऊ वर्षं तुला अहो-जाहो केलं, सलिलराव म्हटलं, तव्यावरची पहिली भाकरी तुझ्या ताटात टाकली. जावई म्हणजे तुम्ही, ही आमच्या परभणीकडची रीत. आता तू जावई राहिला नाहीस, तेव्हा तू. लिहिताना बोटांना बरं वाटतंय.

माझी शाळा दुसरीपर्यंत. त्यातलीही अर्धी खुरपणीला गेली. अक्षरं वाकडी आहेत, पण वाचता येतील. घाई करू नकोस वाचायला, तुला तरी कुठं जायचंय. नऊ मीटरची मोटरहोम नदीच्या वळणावर मागच्या चाकांपासून पोटापर्यंत काळ्या मातीत बसली आहे, आणि आज तिसरा दिवस. टाकीत पाणी आहे, फ्रिज भरलेला असणार, खाण्यापिण्याची तुला कधी कमी पडली नाही. तेव्हा म्हातारीनं माझा जीव घेतला असं कुणाला सांगू नकोस. जीव नाही घेतला. गाडी रुतवली. आणि का रुतवली ते तुला ठाऊक आहे. माझी वही.

ती वही तू विसरला असशील तर सांगते. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची, वर चहाच्या कपाचा गोल डाग. चार वर्षांपूर्वी तू ते एवढं धूड आणलंस आणि म्हणालास, आई, आपण सगळा ऑस्ट्रेलिया फिरायचा, आणि कॅराव्हॅन पार्कमध्ये उभं राहायचं नाही, रानात राहायचं, फुकट, जिथं कुणी येत नाही. मी म्हटलं, बरं. रान मला नवं नाही, मी जन्मभर रानातच होते, फक्त दुसऱ्याच्या. पण एवढी मोठी गाडी घेऊन फुकटची जागा शोधायची म्हणजे म्हशीला बोळातून न्यायचं. आत जाईल ती, बाहेर कशी येणार हे आधी बघावं लागतं. तुझ्या फोनमधल्या अ‍ॅपवर लोक लिहायचे, मोठ्या गाडीला चालेल, मस्त जागा. लिहिणारा असायचा लहान व्हॅनवाला. त्याला मोठी गाडी म्हणजे काय ते काय ठाऊक.

गिप्सलँडच्या त्या जंगलातला दिवस आठव. अ‍ॅपवर पाच चांदण्या होत्या. दोन किलोमीटर आत गेलो आणि पुढं आडवं झाड, वळायला जागा नाही. तू म्हणालास, शिट, आणि कॅमेरा चालू केलास. माझ्या लेकीनं, देवयानीनं, सगळा रस्ता गाडी उलटी आणली. मी मागं चालत होते, हातात स्टीलची थाळी आणि पळी. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे ये, घाईघाईनं वाजलं तर डाव्या अंगाला खड्डा. दोन तास लागले. बाहेर आल्यावर तू कॅमेऱ्याला सांगितलंस की मी आज रिव्हर्सचा माझा रेकॉर्ड मोडला. मी. देवयानीच्या हाताला फोड आले होते आणि माझ्या थाळीला पोचे.

त्या दिवसापासून मी ठरवलं की आधी मी उतरणार, मग गाडी आत जाणार. माझ्या लेकाच्या, अतुलच्या, मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या घरून मी स्विमिंग पूल साफ करायची दांडी आणली होती, लांब होणारी. गाडीच्या टपाच्या वर हातभर अंतर सोडून तिला लाल चिंधी बांधली. ती दांडी उभी धरून मी वाटेनं चालायची. चिंधी फांदीला लागली की जागा बाद. वळायला माझी पस्तीस पावलं मोकळी पाहिजेत, आडवी आणि उभी. गुरं अडवायची लोखंडी जाळी असेल तर तिची रुंदी, उतार असेल तर किती, पाटी असेल तर देवयानीकडून वाचून घ्यायची. आणि शेवटी माती. त्यासाठी एक सळई होती माझ्याकडं, कंबरेएवढी. दहा-दहा पावलांवर ती जमिनीत रोवायची. मग वहीत चित्र. झाड काढलं की फांदीची उंची, वाकडा बाण म्हणजे वळण, आणि मातीच्या खुणा वेगळ्या. रेतीला ठिपके, मुरमाला फुल्या, काळ्या मातीला तडकलेलं मडकं.

चित्राच्या खाली नाव लागायचं. ते आधी देवयानी लिहायची. मग एक दिवस, नलारबॉरच्या त्या उजाड रस्त्यावर, ती म्हणाली, आई, आता तूच लिही. सासष्टाव्या वर्षी पोरीनं मला परत बाराखडी गिरवायला लावली, चूक झाली की हातावर पेनाची टोपी मारायची. शेवटच्या चाळीस जागांची नावं माझ्या हातची आहेत. तुला ते कळलंही नसेल. तू त्या वेळी मागच्या पलंगावर पडून व्हिडिओ जोडत होतास.

चौदा महिने. एकशे बारा जागा. गाडी देवयानीनं चालवली, जागा मी बघितल्या, आणि तू त्या लोकांना दाखवल्यास. तेवढ्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. घरात एक तरी बोलघेवडा असतोच.

मग परत आल्यावर वॉलाँगाँगला देवयानीला हॉस्पिटलात नोकरी लागली आणि एका दुपारी तू गाडी सर्व्हिसिंगला नेतो म्हणून नेलीस. सर्व्हिसिंग अजून चालूच आहे. चार दिवसांनी तुझा मेसेज आला, की तुला स्पेस हवी. माझी पोरगी शिफ्टवरून आली होती, पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. तिनं तो वाचला, फोन पालथा ठेवला आणि भात लावला. ती रडली नाही म्हणून तुला वाटलं असेल, सोपं गेलं. ती माझी लेक आहे, रडून दाखवायची सवय नाही आम्हाला. पण त्यानंतर दोन वर्षं तिनं कुठलीच गाडी लांब नेली नाही. हॉस्पिटल आणि घर. एवढी नऊ मीटरची गाडी उलटी आणणारी बाई भाजी आणायला बसनं जाते.

मी तुला फोन केला तो त्यासाठी नव्हता. नवरे जातात, माझाही गेला होता, जालन्याच्या एका बाईकडं. मी फोन केला वहीसाठी. डाव्या सीटखालच्या खणात होती. तू म्हणालास, आई, तसली काही वही नाही गाडीत, तुम्हीच कुठंतरी टाकली असेल, तुमचं वय झालं आता. मी पॉइंट कुकचं सगळं घर उपसलं. माझ्या सुनेनं, ऐश्वर्यानं, रद्दीचा डबासुद्धा उलटा केला. म्हातारपणी माणसाचा स्वतःवरचा भरवसा कसा जातो ते तुला ठाऊक नाही. महिनाभर मला खरंच वाटत होतं, की मीच टाकली.

मग तुझं पुस्तक आलं. इंग्रजीत, चकचकीत. मोठ्या गाड्यांसाठी फुकट आणि लांबच्या जागा. आपल्या मराठी मंडळानं पॉइंट कुकच्या हॉलमध्ये तुझं भाषण ठेवलं. मी तिसऱ्या रांगेत होते, हातात समोशाची कागदी बशी. तू पडद्यावर एक पान लावलंस आणि म्हणालास, फील्डवर असताना मी माझी स्वतःची खुणांची भाषा तयार केली. पडद्यावर माझं झाड होतं, माझा वाकडा बाण, कोपऱ्यात चहाचा डाग. माणसाएवढा मोठा डाग. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, एवढी मोठी गाडी एकट्यानं चालवायला भीती नाही वाटत का, आणि तू हसून म्हणालास, सवय होते.

आणि मग खाली उतरून, सगळ्यांच्या देखत, तू माझ्या पाया पडलास. आई, बऱ्या आहात ना. शेजारची बाई म्हणाली, किती संस्कारी मुलगा, घटस्फोट झाला तरी मान ठेवतो. आणि माझ्या तोंडून गेलं, सुखी राहा. आशीर्वाद नव्हता तो. जीभ आपोआप वळली. चोर घरात शिरला आणि मी त्याला पाणी विचारलं, असं झालं माझं. त्या दोन शब्दांसाठी मी स्वतःला सहा महिने शिव्या दिल्या. मग म्हटलं, जाईबाई, शिव्या वाया घालवू नको, जागच्या जागी लाव.

अतुलच्या अर्जुनकडून तुझं पुस्तक वाचून घेतलं. पोरगा युनीत, म्हणजे कॉलेजात शिकतो, रोज रात्रीचं जेवण झालं की दहा पानं वाचून मराठीत सांगायचा. सगळं होतं. फांद्या, वळणं, जाळ्या, उतार, फोनची रेंज. एक गोष्ट मात्र कुठंच नव्हती. माती. मी त्याला परत परत विचारलं, मडक्याचं चित्र आहे का रे, ठिपके आहेत का, फुल्या आहेत का. तो म्हणाला, नाही आजी, त्यानं त्या काढून टाकल्यात. तुला वाटलं असेल, म्हातारीनं नक्षी काढली. आयत्या बिळात शिरलास, पण बीळ कशानं पोखरलं होतं ते बघितलं नाहीस. त्या दिवशी मला कळलं, की तुला कुठं गाठायचं.

काळ्या मातीचं तुला सांगते, आता सांगायला हरकत नाही. पाऊस पडला की ती लोण्यासारखी होते, हे कुणालाही दिसतं, तेव्हा तिच्यात कुणी जात नाही. मग ऊन पडतं. तिसऱ्या दिवशी वरची साय वाळते, करडी दिसते, पायाला कडक लागते, माणूस खुशाल चालतो. पण आत अजून लोणीच असतं. आत-बाहेर सारखी ओल यायला आणखी चार दिवस जातात, त्याला आमच्याकडं वाफसा म्हणतात. वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात बैलसुद्धा घालत नाहीत, आणि तू आठ टनांची गाडी घातलीस. पुण्यात ग्रॅनाइटच्या फरशीवर वाढलेल्या माणसाला वाफसा कुठून ठाऊक असणार. माझी सळई ते बघायची. ती सहज आत गेली आणि टोकाला काळं चिकटून वर आली, की मी दोन्ही हात वर करायची आणि देवयानी गाडी थांबवायची. तू तेव्हा विचारायचास, आता काय झालं यांना.

मग तीन आठवड्यांपूर्वी तुझा फोन आला. आवाजात किती साखर. दुसरं पुस्तक करतोय, जुन्या जागा सगळ्यांना कळल्या, तिथं आता रांगा लागतात. आई, तुमच्या डोक्यात असेल की एखादी जागा, कुणाला ठाऊक नसलेली. मी म्हटलं, आहे. वॉलगेटच्या पुढं, नदीच्या वळणावर. तू दहा दिवस सिडनीला मित्राकडं गेला होतास तेव्हा देवयानीनं आणि मी बघितलेली. वहीत नाही ती. जिथं पाहुणचार झाला ती जागा मी वहीत घालत नाही. सगळं खरं सांगितलं तुला. जाळी रुंद आहे, फांद्या उंच आहेत, वळायला पन्नास पावलं मोकळी. एक अक्षर खोटं नाही, हवं तर उतरून मोज.

आणि मग विचारलं, सलिलराव, माझी ती वही सापडली का. लक्षात ठेव, विचारलं. तू एवढासासुद्धा अडखळला नाहीस. म्हणालास, नाही हो आई, मी तर शोधून शोधून थकलो. हो म्हणाला असतास, तर मी पुढचं एक वाक्य बोलणार होते. जिभेवर तयार होतं, काळी माती आहे, पाऊस झाला असेल तर आठ दिवस थांबा. ते मी गिळलं. गोड लागलं.

पाऊस मी पाडला नाही. तेवढं माझ्या हातात असतं, तर आयुष्यात वेगळ्याच ठिकाणी पाडला असता. रविवारी पडला, चांगला दणकून. सोमवारी सकाळी डबोहून तुझा फोन, आई, पाऊस झाला म्हणतात, आज जाऊ की बुधवारी. बघ, बरोबर दोनच दिवस विचारलेस. सोमवारी गेला असतास, तर डबकी दिसली असती आणि जाळीवरूनच मागं फिरला असतास. पुढच्या रविवारी गेला असतास, तर वाफसा येऊन गेला असता आणि खुशाल राहून आला असतास. मी म्हटलं, आज कशाला चिखलात, बुधवारी जा. ऊन पडलेलं असेल, छान कोरडं दिसेल. कोरडं दिसेल म्हणाले, असेल म्हणाले नाही. तू म्हणालास, थँक्स आई, तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं. तेच बघायचं होतं मला.

आता हे कागदावर का लिहिलं ते सांगते. फोनला तिथं रेंज नाही, म्हणून काल सकाळी तू रस्त्यापर्यंत चालत आलास आणि एका शेतकऱ्याच्या युटला, त्या मागं उघड्या हौद्याच्या गाडीला, हात केलास. उंच, लाल मानेचा, टोपीवाला. ट्रॅक्टर आणून ओढशील का म्हणालास, आणि तो म्हणाला, टुमॉरो आर्वो, मेट, नो वरीज. म्हणजे उद्या दुपारी. त्याचं नाव अ‍ॅरन. पाहुणचार झाला तो त्याच्याच घरी. चार वर्षांपूर्वी त्याच वळणावर मी सळई रोवत होते, तेव्हा तो येऊन उभा राहिला होता. त्याच्या शेतातला कापूस बघून मी म्हटलं, आमच्याकडं हाच मी हातानं वेचत होते, आणि देवयानीनं ते इंग्रजीत सांगितल्यावर त्यानं टोपी काढली. मी पॉइंट कुकला नाही, सलिल. शनिवारपासून त्याच्या बायकोच्या, नाओमीच्या स्वयंपाकघरात आहे, तुझ्यापासून सात किलोमीटरवर. सोमवारचा तुझा फोन मी इथंच घेतला, खिडकीतून डबकी बघत. पाऊस नसता, तर मी त्या वळणावर खुर्ची टाकून तुझी वाट बघणार होते आणि वही तोंडावर मागणार होते. हे त्याहून बरं झालं. देवयानीला मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की नाओमीला भेटायचंय, रजा काढ, आणि दोन वर्षांनी तिनं लांबची गाडी चालवली, वॉलाँगाँगहून सगळे नऊ तास. काल अ‍ॅरननं चिखलातल्या गाडीचं वर्णन केलं, तेव्हा ती भांडी विसळत होती. ती माझ्याकडं वळून म्हणाली, आई, बुधवार तू सांगितलास ना. मी म्हटलं, हो. तिनं उरलेली भांडी विसळली. मग अ‍ॅरनला म्हणाली, ट्रॅक्टर मी चालवते. अ‍ॅरननं तासभर तिला शिकवलं, आणि म्हणाला, हिला शिकवायचं काही उरलंच नाही. तर हे पत्र तुझ्या हातात तिनंच दिलं असेल आणि तू वाचत असताना ती खाली उभी असेल. साखळी तिच्याकडं आहे, पण वही हातात आल्याशिवाय ती लावणार नाही, आणि परवा वाफसा आला की अ‍ॅरनची कापूस वेचणी सुरू होते, मग ट्रॅक्टर महिनाभर मोकळा नाही. माती तोवर सिमेंटसारखी होईल. तिच्याशी बोलू नकोस, सॉरी म्हणू नकोस, कॅमेरा काढू नकोस. खण उघड, वही दे, तिला पानं मोजू दे. मग वर जाऊन बस, स्टीअरिंग सरळ धर, ब्रेकवरचा पाय काढ, आणि ती नेईल तसा ये.

तुझी कुणीच नसलेली,
जाईबाई